ॲव्हरेज कुठे गेलं?

आमच्या २०१४ च्या पेट्रोल स्विफ्टचं ॲव्हरेज मी पहिल्या दिवसापासून लिहून ठेवतो. टाकी फुल्ल करायची, पुढच्या वेळी पुन्हा फुल्ल, मधले किलोमीटर भागिले लिटर. त्यामुळे अहमदाबाद फेरीचा आकडा १७.६ वरून एकदम १४.९ वर आला, तेव्हा भास होतोय म्हणायला जागाच नव्हती.

जुने टायर घासून गोटा झाले होते. मुलाच्या आग्रहावरून १६५/८० आर १४ मापाचे काढून अलॉय व्हीलवर १९५/६५ आर १५ बसवले. त्याच सुमारास ताईचं सामान न्यायला छतावर कॅरियर लावला आणि तो तसाच राहिला. दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्यात ज्याचं त्याचं निदान वेगळं. मिस्त्री म्हणाला, "काका, इंजेक्टर साफ करून घ्या." मी म्हटलं, आधी मोजू, मग इंजिनाला हात लावू.

मोजायला आम्हां बडोदेकरांकडे झकास रस्ता आहे. दुमाड चोकडीहून एक्सप्रेसवेला लागलं की अहमदाबादपर्यंत सुमारे ९३ किलोमीटर ना सिग्नल, ना गाई. ताईकडे दर शनिवारी जाणं होतंच. काटा नव्वदवर धरायचा, एसी दर वेळी सारखा, माणसं तेवढीच, पेट्रोल त्याच पंपावर आणि नोझल पहिल्यांदा कट झालं की बस. आकडा गोल करायला वर दहा-वीस रुपयांचं भरलं की हिशोब बिघडतो.

पहिल्या शनिवारी मुलाला किलोमीटरचे दगड मोजायला बसवलं. पन्नास दगड झाले आणि तो म्हणाला, "बाबा, मीटर ४८.८ दाखवतोय." मला तिथेच उलगडा झाला. गाडीचा मीटर रस्ता मोजत नाही, चाकाचे फेरे मोजतो. जुन्या मापाच्या टायरचा व्यास सुमारे ६२० मिलिमीटर, नव्याचा ६३४. चाक मोठं, फेरे कमी, म्हणून किलोमीटरही कमी. त्यात जुने टायर झिजलेले. नव्या टायरची नक्षी आठेक मिलिमीटर खोल असते, आमची दोनवर आली होती. दोन्ही बाजूंनी सहा-सहा, म्हणजे व्यासात १२ मिलिमीटर. ते टायर पन्नासच्या जागी जवळजवळ ५१ किलोमीटर दाखवत असणार. म्हणजे जुना १७.६ थोडा फुगलेला होता आणि नवा १४.९ थोडा आक्रसलेला. जुन्या, झिजलेल्या टायरच्याच मापाने मोजलं तर १४.९ चे साडेपंधरा होतात. सुमारे ०.६ किलोमीटर गाडीने खाल्लाच नव्हता! हे कळलं तेव्हा फार बरं वाटलं. आपल्या जुन्या गाडीवर उगाच आळ आला होता. (काटाही त्याच प्रमाणात कमी दाखवतो, म्हणजे शंभरच्या मर्यादेला आपण पूर्वीपेक्षा जास्त वेगात असतो, हे मुलाला नीट बजावलं.)

पुढच्या शनिवारी कॅरियर उतरवला. रिकामाच होता, पण वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. गावात जे जाणवत नाही ते नव्वदला चांगलंच जाणवतं. आकडा १६.० वर गेला. वर शिट्टीसारखा आवाज यायचा तोही थांबला. आई म्हणाली, "आज गाडी शांत आहे."

मग हवा. पहाटे गाडी हलवायच्या आधी गेज लावला तर चारही चाकांत दाराजवळच्या स्टिकरपेक्षा ४-५ पीएसआय कमी. दुकानात भरताना टायर तापलेले होते; गरम टायर जास्त दाखवतो, थंड झाला की खाली येतो. हवा कमी असली की टायर जास्त दबतो आणि लोळायला जोर लागतो. दर पीएसआयमागे साधारण ०.२ टक्के इंधन जातं, फार नाही, पण टायरच्या कडा झिजतात ते वेगळं. पुढची फेरी १६.३ पडली. जुन्या मापाने सतरा.

उरलेलं ०.६ रुंद टायरचं आहे, ते मी मान्य केलं. नवं, जाड रबर जास्त वळतं-दबतं. झिजेल तसं थोडं सुधारेल. गावात मात्र जड चाक प्रत्येक सिग्नलला नव्याने फिरवावं लागतं, तिथे अजून मार बसतो. बदल्यात पावसात पकड छान आहे आणि आईला मागे बसून धक्के कमी लागतात, म्हणून टायर ठेवलेत.

इंजेक्टर अजून कोणी उघडलेले नाहीत. वहीत 'खरे किलोमीटर' असा एक रकाना वाढलाय. मीटरच्या आकड्याला १.०२४ ने गुणून मुलगाच तो भरतो.