फिलेमोनाच्या पत्रातला जामीनदार

खरं सांगायचं तर बायबलमधलं फिलेमोनाला पत्र मी आळसापोटी निवडलं. लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत आमच्या मंडळीत दर शुक्रवारी कुणाच्या तरी घरी प्रार्थना असते. यंदा पाळकसाहेबांनी टूम काढली की संदेश त्यांनी नाही, सभासदांनी द्यायचा. एकेकाने एक अध्याय घ्यायचा, दोन आठवडे अभ्यास करायचा आणि बोलायचं. मी पतसंस्थेत वसुलीला आहे. मार्चअखेरीला आम्हाला डबा खायला फुरसत नसते, तिथे अभ्यास कुठला! म्हणून येशूचा प्रेषित पौल याच्या पत्रांत सगळ्यात लहान कोणतं ते पाहिलं. फिलेमोनाला पत्र, एकच अध्याय, वचनं 25. चार मिनिटांत वाचून होतं.

शिवाय गोष्ट शब्बाथ शाळेपासून पाठ. अनेसिम नावाचा दास आपल्या धन्याची, म्हणजे फिलेमोनाची, चोरी करून पळाला, रोमला तुरुंगात पौल भेटला, अनेसिम ख्रिस्ती झाला, पौलाने चिठ्ठी देऊन त्याला परत पाठवलं, धन्याने माफ केलं. बुधवारी रात्री बसून मी तीन मुद्देही काढले: क्षमा, समेट, नवं जीवन. बायकोने वहीत डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "हे तर अध्याय न उघडताही लिहिता आलं असतं तुम्हाला."

लागलं ते. दुसऱ्या दिवशी ऑफिसातली एक जुनी लांबोडकी वही आणली आणि अध्याय हाताने उतरवायला घेतला. उजव्या पानावर वचनं, डावं पान प्रश्नांसाठी कोरं. हाताने लिहिताना डोळ्याला पुढे पळता येत नाही, एवढाच त्यातला फायदा, पण तो मोठा निघाला. पंचविसाव्या वचनापर्यंत पोचलो तेव्हा लक्षात आलं की माझी पाठ गोष्ट या पत्रात नाहीच. चोरीचा उल्लेख नाही. पळून गेला असंही लिहिलेलं नाही. 15 व्या वचनात तो 'काही काळ दूर झाला' एवढंच. 18 व्यात 'त्याने तुझं काही नुकसान केलं असेल, काही देणं लागत असेल तर', म्हणजे तिथेही 'तर' आहेच. पौल बंदिवासात आहे हे नक्की, पण रोममध्ये की इफिसमध्ये यावर अभ्यासकांचा वाद आहे. आणि धन्याने माफ केलं? पत्राचं उत्तर अख्ख्या बायबलात कुठे नाही. बाकीचं आपण कानाने ऐकलेलं.

मग मी माणसांची यादी केली. वाटलं होतं तिघं असतील. निघाली अकरा, येशूचं नाव सोडून. पत्र एकट्या फिलेमोनाला नाहीच. अफ्फिया नावाची बहीण आहे, अर्खिप्प आहे, आणि 'तुझ्या घरी जमणारी मंडळी' आहे. इथे आपली मराठी कामाला आली. इंग्रजीत एकाला काय न दहांना काय, शब्द एकच. आपल्याकडे सुरुवातीच्या सलामात 'तुम्हाला' आहे, चौथ्या वचनापासून 'तू' सुरू होतं, ते थेट 22 व्यापर्यंत. तिथे 'तुमच्या प्रार्थना' येतात, आणि शेवटचा आशीर्वाद पुन्हा 'तुम्हा' सगळ्यांना. मूळ ग्रीकमध्येही तसंच आहे. म्हणजे बोलणं एकाशी, पण सगळं घर ऐकतंय. भरल्या प्रार्थनासभेत कुणी आपल्यालाच उद्देशून चिठ्ठी वाचायला लागावं आणि शेजारच्यांनी माना वळवाव्यात, तसं फिलेमोनाचं झालं असणार.

अनेसिम या नावाचा अर्थच 'उपयोगी'. गड्याचं नाव कामाजी ठेवावं तसं. पौल 11 व्या वचनात त्यावर कोटी करतो: पूर्वी तुझ्या काही कामाचा नव्हता, आता तुलाही आणि मलाही कामाचा झालाय. तुरुंगात बसलेल्या म्हाताऱ्याला विनोद सुचतो याचं मला बरं वाटलं.

पण अडकलो ते 18 व्या वचनावर. 'ते माझ्या हिशेबी मांड.' मूळ शब्दही व्यापाराच्या वहीतलाच आहे. लगेच 19 व्यात तो म्हणतो, हे मी पौल माझ्या हाताने लिहितो, मी फेड करीन. ही सरळ जामीनदाराची सही आहे! असे कागद मी रोज हाताळतो. कर्जदार गायब झाला की आम्ही जामीनदाराला फोन लावतो, आणि पलीकडचा माणूस म्हणतो, "साहेब, मी फक्त सही केली होती." माझ्या वडिलांनीही अशीच सही केली होती, एका नातेवाइकासाठी. पुढची सहा वर्षं त्यांच्या पगारातून हप्ता कापला जात होता. आईने त्या नातेवाइकाचं नाव घरात घेऊ दिलं नाही. त्यामुळे 'सूट दे', 'सोडून दे' असं न म्हणता 'माझ्या नावे टाक' म्हणणारा पौल मला पहिल्यांदाच नीट दिसला. देणं बुडत नाही, ते कुणाच्या तरी अंगावर येतं. (त्याच वचनात तो हळूच म्हणतो, तू स्वतःच माझं देणं लागतोस हे मी काही बोलत नाही. वसुलीवाला म्हणून सांगतो, याहून पक्का तगादा मी ऐकलेला नाही.)

माझे तीन मुद्दे मी खोडले. आता एकच होता: जामीनदार. खूश होतो.

शुक्रवारी एका मावशींच्या घरी प्रार्थना होती. चौदा-पंधरा माणसं, सतरंजीवर दाटीवाटीने. मी बोललो, बरं बोललो असं वाटलं. चहा यायच्या आधी मावशी म्हणाल्या, "सगळं खरं बाळा, पण परत पाठवलाच कशाला?"

मी म्हणालो, त्या काळचा कायदा.

"कायदा मला नको सांगू." मग त्यांनी सांगितलं. त्यांचे वडील एका बागायतदाराकडे सालगडी होते. थोरल्या बहिणीच्या लग्नासाठी उचल घेतलेली, ती काही फिटेना. एका रात्री ते पळून सासुरवाडीला आले. सकाळी गावातल्या एका भल्या माणसाने समजूत घातली आणि धन्याच्या नावे चिठ्ठी देऊन त्यांना परत पाठवलं. "धन्याने चिठ्ठी वाचली, घडी करून कोपरीच्या खिशात घातली न म्हणाला, बैल सोड. रात्री काय झालं ते आई कधी बोलली नाही."

खोलीत कुणी काही बोलेना. मला जुन्या करारातल्या 'अनुवाद' या पुस्तकाचा 23 वा अध्याय आठवला. तिथे तर स्पष्ट म्हटलंय की धन्याकडून पळून आलेल्या दासाला परत धन्याच्या हाती देऊ नका, त्याला आवडेल तिथे राहू द्या. पौलाला हे पाठ असणारच. तयारीत हा संदर्भ माझ्यासमोर आला होता आणि मी तो बाजूला ठेवला होता, मुद्द्यात बसत नव्हता म्हणून. तसं मी सांगून टाकलं. अमेरिकेत गुलामांचे मालक याच पत्राकडे बोट दाखवून पळालेल्यांना परत मागायचे, हेही सांगितलं.

"आणि त्याला विचारलं होतं का, जायचंय का म्हणून?"

मी वही पाहिली. 25 वचनांत अनेसिमाच्या तोंडी एक शब्द नाही. एवढंच सांगू शकलो की पौलाने त्याला एकटं धाडलेलं दिसत नाही. कलस्सैकरांना लिहिलेल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात पौलाचा सोबती तुखिक याच्याबरोबर अनेसिम येतोय असं आहे, आणि तिथे त्याला 'विश्वासू आणि प्रिय बंधू, तो तुमच्यातलाच आहे' म्हटलंय. दास हा शब्द त्याच्यासाठी तिथे नाही.

मावशींनी बायबल मागून घेतलं, चष्मा चढवला आणि बोट फिरवत पत्र पुन्हा वाचलं, मोठ्याने. 22 व्या वचनावर थांबल्या. माझ्यासाठी राहायची जागाही तयार ठेव, असं पौल लिहितो ते. मी ते वचन प्रवासाची व्यवस्था म्हणून दोन ओळींत उरकलं होतं.

"हे बघ," त्या म्हणाल्या. "चिठ्ठी कुणीही देतंय. मी मुक्कामाला येतोय, खोली झाडून ठेव, असं म्हणणारा पाहिजे. मग धनी नीट वागतो. आमच्या बापाच्या मागनं कुणी आलं नाही."

चहा आला. मी वही मांडीवर घेऊन 22 व्या वचनासमोर, डाव्या पानावर, त्यांचं वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं. वर 16 व्यासमोर, जिथे 'दास म्हणून नव्हे, प्रिय बंधू म्हणून' असं आहे, त्यांचा 'त्याला विचारलं होतं का' हा प्रश्नही लिहिला. मावशींनी कपाखालची बशी माझ्याकडे सरकवली आणि विचारलं, पुढच्या शुक्रवारी कुणाचा नंबर आहे?