माल्कमची जागा

आमच्या वरच्या मजल्यावरचा मुलगा सध्या गिटार शिकतो आहे. दुपारची जेवणे आटोपून सोसायटीतल्या ज्येष्ठांचा डोळा लागण्याच्या बेताला तो ‘बॅक इन ब्लॅक’ या रॉक गाण्याची सुरुवात वाजवायला घेतो. त्याचे स्वर बरोबर असतात. आधी ई, मग डीचे तीन फटकारे, मग एचे तीन. अडचण एवढीच की मधल्या रिकाम्या जागेत त्याला धीर धरवत नाही. जिथे हात तारांवर आडवा ठेवून आवाज दाबायचा आणि काहीही न करता थांबायचे, तिथे हा पठ्ठ्या पुढच्या स्वरावर उडी मारतो आणि मी खाली पलंगावर पडल्या पडल्या ‘थांब रे, थांब जरा’ असे पुटपुटत राहतो. ज्येष्ठांची तक्रार आवाजाबद्दल आहे. माझी तक्रार शांततेबद्दल आहे, आणि ती सोसायटीच्या सभेत मांडता येण्यासारखी नाही.

हे गाणे ज्यांचे, त्या एसी/डीसी या ऑस्ट्रेलियन रॉक बँडवर माझा जीव आहे हे घरच्यांना ठाऊक आहे. पण तो जीव नेमका कोणावर जडला आहे हे सांगितले की बँडचे इतर चाहतेही थोडे गोंधळतात. शाळेचा गणवेश घालून रंगमंचभर धावणारा, गुडघे टेकणारा, पाठीवर पडून गरगर फिरत गिटारचे सोलो, म्हणजे एकट्याचे तुकडे, वाजवणारा अँगस यंग सगळ्यांनाच आवडतो. मला त्याचा थोरला भाऊ माल्कम आवडतो. तो ठेका धरणारी दुसरी गिटार वाजवत ड्रमच्या जवळ, आपल्या मार्शल ॲम्प्लिफायरच्या पुढ्यात उभा असायचा. ध्रुवपद आले की तो आणि बेस वाजवणारा क्लिफ विल्यम्स दोघेही चार पावले पुढे यायचे, माइकपाशी आपल्या वाट्याच्या ओळी ओरडायचे आणि पुन्हा मागे जायचे. दोन-दोन तासांच्या कार्यक्रमात त्याचा प्रवास तेवढाच.

माल्कम मला पहिल्यांदा दाखवला तो आमच्या आबांनी, आणि तोही नाव-गाव ठाऊक नसताना. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही सगळी भावंडे मिरजेला जमलो होतो. पुण्यात इंजिनिअरिंगला असलेल्या आतेभावाने हॉस्टेलवर कुणाकडून तरी भरून घेतलेली एक कॅसेट आणली होती, जिच्यावर बॉलपेनने नुसते बँडचे नाव लिहिलेले होते. गायक ब्रायन जॉन्सनचा तो पत्रा फाडल्यासारखा आवाज सोप्यात घुमू लागल्यावर आत्या स्वयंपाकघरातून बाहेर येऊन पाहून गेली. आबा आरामखुर्चीत बसून अडकित्त्याने सुपारी कातरत होते. ते देवळात भजनाला तबल्याची साथ करीत, आणि साथ करणाऱ्या माणसाचा कान आधी कुठे जातो हे मला त्या दिवशी कळले.

“ते ओरडतंय ते राहू दे,” आबा म्हणाले, “मागं ठेका कोण धरलाय?”

“ड्रम आहेत ते, आबा,” दादा म्हणाला.

“ड्रम मलाबी ऐकू येतो. तारेवर धरलाय कुणीतरी.” मग त्यांनी अडकित्ता खाली ठेवला, खुर्चीच्या हातावर बोटांनी काही आवर्तने मोजली आणि “पक्का आहे” असा निकाल दिला. आम्ही मोठ्या आशेने कॅसेट उलटी घालायला उठलो, तर ते म्हणाले, “बंद करा आता. बातम्या लागतील.”

माल्कमबद्दलची माहिती मी नंतर अनेक वर्षे गोळा करीत राहिलो. पण ‘पक्का आहे’ यापलीकडे महत्त्वाचे असे त्यात फारसे काही सापडले नाही. तरी सांगतो, कारण चाहत्याला सांगितल्यावाचून राहवत नाही. यंग कुटुंब मूळचे ग्लासगोचे. 1963 सालच्या भयंकर हिवाळ्यानंतर आईवडील मुलाबाळांना घेऊन ऑस्ट्रेलियात आले आणि सिडनीच्या बरवुड उपनगरात राहिले. मोठा भाऊ जॉर्ज ‘ईझीबीट्स’ या बँडमुळे आधीच प्रसिद्ध झाला होता. 1973 च्या नोव्हेंबरात माल्कमने धाकट्या अँगसला घेऊन आपला बँड उभा केला आणि त्या वर्षाच्या शेवटच्या रात्री सिडनीतल्या ‘चेकर्स’ क्लबात त्यांचा पहिला कार्यक्रम झाला. बँडचे नाव बहिणीने, मार्गारेटने, शिलाई मशीनवर पाहिलेल्या अक्षरांवरून सुचवले, आणि गणवेशाची कल्पनाही तिचीच. (शाळेतून आल्याबरोबर आम्ही जी खाकी चड्डी कोपऱ्यात भिरकावीत असू, तसला पोशाख एक माणूस पन्नास वर्षे पोटापाण्यासाठी घालतो, याचे मला अजूनही नवल वाटते.)

त्याची गिटारही त्याच्यासारखीच होती. ती ग्रेच कंपनीची जेट फायरबर्ड, 1963 ची, मूळची लाल. माल्कमने तिचा रंग खरवडून लाकूड उघडे केले होते. तिच्यावर तारांचा कंप टिपणारे एकाहून अधिक पिकअप होते, पण त्याने ब्रिजजवळचा, म्हणजे तारा टेकवणाऱ्या पट्टीजवळचा, एक ठेवून बाकीचे काढून टाकले, आणि काढले त्या जागी सरळ भोके पडलेली होती. तारा मात्र इतक्या जाड लावायचा की त्यावर लाडीगोडीचे सोलो वाजवणे कुणालाही जड गेले असते. गंमत म्हणजे सुरुवातीच्या दिवसांत तोही सोलो वाजवत असे. पुढे ते काम त्याने अँगसकडे सोपवले आणि स्वतःकडे जे ठेवले त्यावर सबंध बँड उभा राहिला. हार्ड रॉक म्हणजे कर्कश गोंगाट असे समजणाऱ्यांनी माल्कमची गिटार एकटी ऐकावी. तिचा आवाज जवळजवळ स्वच्छ असतो, कॉर्डमधला, म्हणजे एकत्र छेडलेल्या स्वरांमधला, प्रत्येक स्वर वेगळा लागतो. बँडचा दणदणाट वाढतो तो सगळे जण एकाच क्षणी वाजवतात आणि एकाच क्षणी थांबतात म्हणून.

हे थांबणे मला फार मोठे वाटते. 19 फेब्रुवारी 1980 रोजी बँडचा तेव्हाचा गायक बॉन स्कॉट लंडनमध्ये वारला. आता संपले, असेच सगळ्यांना वाटले असणार. परंतु थोड्याच दिवसांत माल्कमने अँगसला फोन केला आणि नुसते बसून राहण्यापेक्षा आपण दोघे गाणी तरी रचत राहू, असे सुचवले. बहामा बेटांवरच्या स्टुडिओत ब्रायन जॉन्सन हा नवा गायक घेऊन त्यांनी ध्वनिमुद्रण केले आणि त्याच जुलैत ‘बॅक इन ब्लॅक’ ही रेकॉर्ड बाजारात आली. शोक म्हणून तिचे मुखपृष्ठ काळे होते. रेकॉर्ड कंपनीला ते निव्वळ काळे नको होते, म्हणून नावाच्या अक्षरांभोवती करडी कड आली. या रेकॉर्डच्या कोट्यवधी प्रती खपल्या. शीर्षकगीताच्या सुरुवातीच्या त्या रिकाम्या जागा मी ऐकतो तेव्हा मला त्यात नेहमी बॉन स्कॉट दिसतो. हा माझा भाबडेपणा असेल. वरच्या मजल्यावरच्या मुलाला हे सांगायला जावे असे एकदोनदा मनात आले, पण त्याच्या वयाला या माहितीचा काय उपयोग?

मागे उभे राहण्याची किंमतही असते. 1988 साली अमेरिकेच्या दौऱ्याच्या वेळी दारू सोडण्यासाठी माल्कम घरी थांबला आणि त्याच्या जागी पुतण्या स्टीवी उभा राहिला. हा पुतण्या काकाहून जेमतेम तीन-चार वर्षांनी लहान. काका-पुतणे एकाच पाळण्यात वाढल्यासारखी घरे आपल्याकडेही पुष्कळ आहेत. चण तशीच, केस तसेच, वाजवणेही तसेच. समोरच्या गर्दीत अनेकांना बदल झाल्याचे कळलेच नाही. मी असतो तर मला कळले असते, असे मी बराच काळ ठामपणे म्हणत असे. हल्ली म्हणत नाही.

माल्कम परतला आणि आणखी वीस वर्षांहून अधिक काळ आपल्या जागी उभा राहिला. ‘ब्लॅक आइस’ या रेकॉर्डच्या वेळी त्याला विसर पडू लागला होता. 2008 पासून 2010 पर्यंत चाललेल्या त्या दौऱ्यात, जी गाणी त्याने स्वतः रचली होती आणि तीस-तीस वर्षे वाजवली होती, ती त्याला कार्यक्रमाआधी पुन्हा पुन्हा घोकावी लागत. 28 जून 2010 रोजी स्पेनमधल्या बिलबाओला झालेला कार्यक्रम त्याचा शेवटचा ठरला. 2014 मध्ये स्मृतिभ्रंशाची बातमी जाहीर झाली आणि स्टीवी कायमचा आला. 2017 च्या ऑक्टोबरात जॉर्ज गेला आणि चारच आठवड्यांनी, 18 नोव्हेंबरला, माल्कम. वय 64.

ब्युनोस आयर्सच्या रिव्हर प्लेट स्टेडियमवरचे 2009 च्या डिसेंबरातले कार्यक्रम चित्रित झालेले आहेत. ते मी पूर्वी अँगसच्या धावपळीसाठी आणि उड्या मारणाऱ्या त्या अफाट गर्दीसाठी पाहत असे. आजारपणाचे कळल्यापासून मी फक्त माल्कमचा उजवा हात पाहतो. कुठे तरी तो अडखळेल, एखादा ठोका उशिरा पडेल, एखाद्या रिकाम्या जागेत तो घाईने शिरेल, याची वाट पाहतो. इतक्या वेळा पाहूनही मला तसे काही सापडलेले नाही. आपल्या आवडत्या माणसाची चूक शोधत बसण्याचा हा उद्योग मी का करतो, हे मात्र मला सांगता येत नाही.