१७७६ की १७८४?

पुस्तक छपाईला जायच्या आदल्या दुपारची ही गोष्ट. अठराव्या शतकातला अर्थतज्ज्ञ अ‍ॅडम स्मिथ, त्याच्या राजकीय पत्रव्यवहारावरच्या एका मराठी पुस्तकाची शेवटची प्रुफं माझ्या टेबलावर होती. लेखक म्हणजे अर्थशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक, आमचे सर. मी पट्टी धरून ओळ न् ओळ वाचते, डोळ्यांवर विसंबत नाही.

प्रस्तावनेत एक वाक्य होतं. भागभांडवलाच्या कंपनीचे संचालक दुसऱ्यांचा पैसा हाताळतात, स्वतःचा नव्हे. त्यामुळे तिथे हलगर्जीपणा आणि उधळपट्टी कमीअधिक असायचीच, असं स्मिथने १७७६ साली 'वेल्थ ऑफ नेशन्स'मध्ये लिहिलं. वाक्य इतकं ओळखीचं, की पट्टी आपोआप खाली सरकली. काही पानांनंतर प्रकाशक स्ट्रॅहनला लिहिलेलं २२ मे १७८३चं पत्र आलं. नव्या आवृत्तीत काय काय भर घालणार, ते स्मिथ त्यात सांगतो. त्यात सनदी, म्हणजे सरकारी सनद घेऊन चालणाऱ्या, व्यापारी कंपन्यांचा थोडक्यात इतिहास आहे, आणि जवळजवळ त्या सगळ्याच कशा निरर्थक आणि घातक आहेत, याची पुरती मांडणीही.

पट्टी तिथेच थांबली. जे १७८३ साली 'घालणार आहे' म्हणतो, ते १७७६च्या पुस्तकात कुठून असेल?

पहिली आवृत्ती आणि तिसरी आवृत्ती पडद्यावर शेजारी शेजारी उघडली. कंपन्यांचा तो सगळा भाग पहिलीत नव्हता. तो १७८४च्या तिसऱ्या आवृत्तीतच आला होता.

आठ वर्षांचा फरक वरवर किरकोळ वाटेल. पण या पुस्तकाचा जीवच पत्रांच्या क्रमात होता. १७७२ साली याच स्मिथने ब्रिटिश खासदार विल्यम पल्टनीचे आभार मानले होते, कारण पल्टनीने ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांकडे त्याचं नाव सुचवलं होतं. बंगालचा १७७०चा दुष्काळ तेव्हा नुकताच होऊन गेलेला. कंपनी अशी गाळात रुतली, की १७७३ साली ब्रिटिश सरकारला तिला १४ लाख पौंडांचं कर्ज द्यावं लागलं. मग १७७६ साली स्मिथ लिहितो, की कंपनीचं हे विलक्षणच सरकार आहे. त्यातल्या प्रत्येकाला लवकरात लवकर देश सोडायचाय, आणि आपली दौलत घेऊन निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी अख्खा देश भूकंपात गडप झाला तरी त्याला सोयरसुतक नाही. हा उतारा कितीदाही वाचला तरी या जागी माझा घसा दाटतो. स्मिथचा राग तेव्हाही होताच. पण लंडनमध्ये बसलेल्या भागधारकाला रयतेच्या सुखदुःखाचं काहीच का वाटत नाही, हे त्याने १७८४च्या भरीत उलगडलं. मधल्या काळात तो एडिंबरोत कस्टम्सचा आयुक्त झाला होता आणि त्या भरीसाठी सरकारी खजिन्याचे हिशेब मागवत होता. आणि इकडे १७८२च्या सालबाईच्या तहापर्यंत कंपनी मराठ्यांशी लढत होती. अशाच लढायांच्या खर्चाने ती पुन्हा कर्जात गेली होती. आपल्या वाचकाला हा धागा दिसायलाच हवा.

संध्याकाळी सरांना फोन केला.

"सर, ते हलगर्जीपणाचं वाक्य १७७६चं नाही."

बराच वेळ पलीकडून काही आलं नाही. मग म्हणाले, "अगं, तीस वर्षं वर्गात १७७६च सांगत आलो." आवाज एकदम खाली आला होता. मी दोन्ही आवृत्त्यांतली पानं त्यांना पाठवली. अर्ध्या तासाने त्यांचाच फोन आला. "साल बदल. आणि प्रस्तावनेचा तो परिच्छेद काढ, मी नवा सांगतो, लिहून घे."

'कंपनीचे नोकर' हा शब्दप्रयोगही त्याच बैठकीत गेला. मराठीत नोकर म्हटलं की गडी डोळ्यासमोर येतो. हे तर सुभे चालवत होते. 'कारभारी' म्हटलं तर नाना फडणीस आठवतात. शेवटी 'कंपनीचे अधिकारी' ठेवलं.

रात्री साडेदहाला शेवटच्या पत्रावर आलो. १५ डिसेंबर १७८३, खासदार विल्यम ईडनला. कंपनीला लगाम घालणारं मंत्री चार्ल्स फॉक्सचं विधेयक ब्रिटिश संसदेच्या कनिष्ठ सभागृहात, कॉमन्समध्ये, मंजूर झालं होतं आणि स्मिथ फॉक्सची मनापासून वाखाणणी करतो आहे. एडिंबरोहून लंडनला टपाल पोचायला तेव्हा तीन-चार दिवस लागत. १७ तारखेला वरिष्ठ सभागृहाने, लॉर्ड्सने, विधेयक फेटाळलं. पत्र तेव्हा वाटेतच होतं.

सरांनी तिथे तळटीप घालायला सांगितली, फक्त दोन तारखांची. ती जुळवून अकराला फाइल छापखान्याला पाठवली.