पेटीवर तेरावा सूर: एका हातात मावणाऱ्या कॉर्ड

डावा हात भात्यावर असतो, म्हणजे कॉर्डसाठी (एकदम दाबायच्या सुरांच्या जुडीसाठी) उरतात उजव्या हाताची पाच बोटं. आणि थर्टीन्थ कॉर्ड पूर्ण मांडली तर तिच्यात सूर सात. त्यामुळे या पावसाळ्यातला माझा सगळा रियाज एकाच प्रश्नाभोवती फिरला: कोणते सूर सोडले तरी कॉर्ड तीच राहते?

आमच्याकडे यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यांत पियानो कुठला, पण भजनी मंडळाची पेटी गावोगाव आहे. म्हणून ही नोंद खास पेटीवाल्यांसाठी. सा सगळीकडे पांढरी एक धरलाय, पाश्चात्त्य नावाने ‘सी’.

आधी नावांचा हिशेब. सा घ्या, एक सूर सोडून ग, पुन्हा एक सोडून प, मग नि. इथवर सेव्हन्थ. असंच चढत गेलं की वरच्या सप्तकातले रे, म आणि ध लागतात. वरचा सा आठवा, म्हणून रे नववा, म अकरावा, ध तेरावा. पंधरावा पुन्हा सा, म्हणून नावं तेरावर थांबतात. बाकी सगळी मदार निवर. नुसतं ‘सी नाइन’ लिहिलं असेल तर नि कोमल. शुद्ध नि हवा तर ‘सी मेजर नाइन’. नि नाहीच, सा-ग-प वर फक्त रे, तर ‘सी ॲड नाइन’. धचंही तसंच: नि सोबत असेल तर ध तेरावा, नसेल तर सहावा. हे डोक्यात पक्कं बसलं तेव्हापासून वहीतली कॉर्डची नावं मी न अडखळता वाचतो.

अकराव्याशी जास्त झटापट झाली. खाली शुद्ध ग आणि वर शुद्ध म एकदम दाबले की सूर टोचतो, कारण दोघांत सप्तकावर फक्त अर्धा स्वर उरतो. गिटारवर तार विझते तशी ती टोचही विझते. पेटीवर भाता चालू आहे तोवर ती तशीच राहते. उपाय दोन. एकतर ग सोडा: मोबाइलवर लावलेल्या तंबोऱ्याच्या सा वर प, कोमल नि, रे, म धरा, ‘सी इलेव्हन’ बहुतेक अशीच वाजवतात. नाहीतर म तीव्र करा. मेजर थर्टीन्थमध्ये म तीव्र केला तर सातही सूर कल्याण थाटाचे होतात, हे मला फार आवडलं. मायनर इलेव्हनला मात्र असली अडचण येत नाही. तिथे ग कोमल असतो, मपासून पूर्ण स्वर दूर.

आता सोडायचे सूर. पहिला प जातो. तो सा च्या आवाजात तसाही दडलेला असतो. मग सा, कारण तो मोबाइलवरचा तंबोरा सांभाळतोच. जाझमध्ये हे काम बास वाजवणारा करतो, म्हणून जाझ पियानोवादक बिल इव्हान्सच्या डाव्या हातात अशा सा नसलेल्या मांडण्या सतत भेटतात. ग आणि कोमल नि मात्र सोडायचे नाहीत, कॉर्डची जात तेच सांगतात. तेव्हा सी थर्टीनसाठी ग, ध, कोमल नि, वरचा रे. चार बोटं, एका सप्तकाच्या आत. मध्य सप्तकात हे सुरेख वाजतं, पण खरजात नुसता गलबला होतो. कपलर (दाबलेल्या सुरासोबत दुसऱ्या सप्तकातला तोच सूर वाजवणारी सोय) बंदच ठेवा, नाहीतर प्रत्येक सुराला जोडीदार मिळून सगळं गढूळ होतं.

सगळ्यात मोठा आनंद इथे मिळाला. बोटं हलवली नाहीत, फक्त तंबोरा पांढरी एकवरून काळी तीनवर नेला. तेच चार सूर एकदम तणावाचे झाले. पूर्वीचा ग आता कोमल नि झाला, पूर्वीचा कोमल नि आता शुद्ध ग. रे आणि ध अनुक्रमे कोमल तेरावा आणि तीव्र नववा ठरले. म्हणजे चार सूर तेच, पण आधार बदलला की नाव आणि भाव दोन्ही पालटतात. हे पुस्तकात वाचणं वेगळं आणि अंधाऱ्या खोलीत, लाइट गेलेली असताना, ऐकणं वेगळं.

तंबोऱ्यासोबत एक बारकावा लक्षात ठेवा. समान अंतराने लावलेल्या पेटीचा शुद्ध ग तंबोऱ्यातल्या स्वयंभू, म्हणजे तारेतून आपोआप उमटणाऱ्या, गंधारापेक्षा साधारण १४ सेंट चढा असतो (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग). लांब धरला की थरथर ऐकू येते. म्हणून तंबोऱ्याचा आवाज हळू ठेवतो.

भजनात थर्टीन्थ घालू नये असं माझं ठाम मत आहे. तिथे पेटीने गळ्यामागे जायचं असतं. पण धृपद संपताना गाणारा सा वर थांबतो, तिथे ‘सी सिक्स नाइन’ चालते: सा, ग, प, ध, रे. हे भूप रागाचेच पाच सूर, त्यांत अर्ध्या स्वराचं अंतर कुठेच नाही, म्हणून कुणाला खुपत नाही. परवा खंजिरीवाले काका थांबून म्हणाले, “हे काय वाजवलं गा? लय भरल्यासारखं वाटून रायलं.”

आमच्या मंडळाचा सूर काळी दोन, म्हणून पुढचा रियाज तिथून. तिथे ग, ध, कोमल नि, रे म्हणजे पांढरी पाच, वरची पांढरी एक, काळी एक आणि पांढरी चार. अंगठा पांढरीवर पडतो, पण तिसरं बोट आखडतं. स्केल चेंजर (पट्ट्या सरकवून सा बदलणारी पेटी) असलेल्यांना ही कसरत लागणार नाही. साध्या पेटीवर कुणी वेगळी बोटं लावत असाल तर जरूर सांगा.