तुम्ही विचारलंत म्हणून: वडील कोणाच्या बाजूने होते?

माझे वडील 1965 साली व्हिएतनाममध्ये होते, असे बोलण्यात निघाले की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "कोणाकडून?" ते कोणाकडूनही लढले नाहीत, आंतरराष्ट्रीय नियंत्रण आयोगाच्या कामासाठी गेलेल्या भारतीय तुकडीत ते सिग्नल्सचे हवालदार होते, असे सांगितले की विचारणाऱ्याचा उत्साह ओसरतो आणि मग खरा प्रश्न येतो. पुण्यातले माझे जुने मित्र विचारतात की, अशा माणसाचा मुलगा असून तू अमेरिकेला सरळ गुन्हेगार का म्हणत नाहीस? न्यू जर्सीतला भाचा तोच प्रश्न उलटा करून टाकतो: "मामा, कम्युनिस्टांनी पुढे काय केलं ते दिसत असूनही अमेरिकेचं तिथे जाणं चूक कसं म्हणता?" दोघांनाही आजवर मी तोंडदेखली उत्तरे दिली, कारण पंगतीत बसून सांगण्याचा हा विषय नव्हे. आता एकदाच सविस्तर लिहितो.

1954 मध्ये जिनिव्हात करार होऊन व्हिएतनाम सतराव्या अक्षवृत्तावर दोन भागांत वाटले गेले, उत्तरेत कम्युनिस्ट हो चि मिन्ह आणि दक्षिणेत अमेरिकेचा पाठिंबा असलेले दिएम, हे सगळे तुम्हाला ठाऊक आहे. आयोगाचे मात्र सहसा कोणाला ठाऊक नसते. त्या करारावर देखरेख करायला भारत, कॅनडा आणि पोलंड असे तीन देश नेमले गेले आणि अध्यक्षपद भारताकडे आले. कॅनडा अमेरिकेच्या गोटातला, पोलंड कम्युनिस्टांच्या. त्यामुळे भारत ज्या बाजूला झुकेल तिकडे बहुमत. करारानुसार उत्तरेत सात आणि दक्षिणेत सात ठिकाणी कायमची पथके बसवायची होती. पथकाने पाहायचे, लिहायचे आणि वर कळवायचे. आणि पाहायला जायचे तर ज्याच्यावर संशय त्याच्याच सरकारकडून गाडी आणि परवानगी मिळवायची. "म्हणजे नुसती कारकुनी!" असे हसून म्हणणाऱ्यांना मी एवढेच सांगतो की, पहिल्या तीनशे दिवसांत आठ लाखांहून अधिक माणसे उत्तरेतून दक्षिणेत गेली, हजारो दक्षिणेतून उत्तरेत आली, आणि त्या काळात आयोगाची पथके दोन्हीकडे तक्रारी ऐकत फिरत होती. ते काम फुकट गेले असे मी मानत नाही. नंतरचे बरेचसे गेले, हेही खरे.

माझ्या उत्तराचा आधार 2 जून 1962 चा आयोगाचा विशेष अहवाल आहे. भारत आणि कॅनडा यांनी तो बहुमताने दिला, पोलंडने विरोध नोंदवला. त्याच्या एका भागात उत्तर व्हिएतनाम माणसे आणि शस्त्रे दक्षिणेत पाठवते आणि तिथली राजवट उलथवण्यासाठी आपली भूमी वापरू देते, असे म्हटले आहे. आदल्या ऑक्टोबरात आयोगाशी संपर्क ठेवणारे दक्षिणेचे अधिकारी कर्नल होआंग थुई नाम यांना पळवून नेऊन ठार मारले गेले होते, ही गोष्ट त्यामागे ताजी होती. दुसऱ्या भागात दक्षिण व्हिएतनामने अमेरिकेची लष्करी मदत घेऊन करार मोडला, आणि एवढे अमेरिकी सैनिक येणे व त्यांचे स्वतंत्र लष्करी मुख्यालय उभे राहणे म्हणजे प्रत्यक्षात लष्करी युतीच होय, असे म्हटले आहे. डिसेंबर 1961 मध्ये 'कोर' नावाचे अमेरिकी जहाज तीसहून अधिक हेलिकॉप्टरे घेऊन दक्षिणेची राजधानी सायगॉनच्या ऐन शहरातल्या धक्क्याला लागले होते. ते हॉटेलच्या गच्चीवरून दिसत होते. आयोगाच्या पथकांना मात्र तपासणीची वाट वारंवार अडवली जात होती. भाचा अहवालाचा पहिला भाग वाचतो, मित्र दुसरा वाचतात, आणि दोघेही मला कुंपणावर बसलेला ठरवतात.

आता ज्या दिवसांमुळे हा विषय माझ्यासाठी पुस्तकातला राहिला नाही, त्यांच्याविषयी.

ऑक्टोबर 1965. पाकिस्तानशी युद्धबंदी होऊन महिनाही झाला नव्हता. आमच्या गावात घरटी एक माणूस फौजेत. पोस्टमन तार घेऊन आळीत शिरला की बायका दाराशी येऊन उभ्या राहत आणि तो कोणत्या उंबऱ्याशी थांबतो ते पाहत. त्या सगळ्यांत माझी आई तेवढी निर्धास्त होती. "आमचे हे तर तिकडं पंचायत करायला गेलेत," असे ती म्हणे, आणि त्यात थोडा ओशाळेपणाही असे, कारण शेजारच्या घरी लाहोरच्या आघाडीवरून आलेली तार तिनेच वाचून दाखवली होती. वडिलांच्या पत्रांवर नेहरूंचे पंधरा पैशांचे तिकीट असे, त्यावर आयोगाची तीन इंग्रजी अक्षरे छापलेली. मी ती तिकिटे पाण्यात भिजवून सोडवत असे.

18 ऑक्टोबरला आयोगाचे विमान लाओसमधल्या व्हिएंतियानहून उत्तर व्हिएतनामची राजधानी हनोईला निघाले आणि पोहोचलेच नाही. जुने चार इंजिनांचे स्ट्रॅटोलायनर, फ्रेंच वैमानिक, आत भारतीय, कॅनेडियन आणि पोलिश माणसे, एकंदर तेरा जण. हे विमान सायगॉन, नॉम पेन्ह, व्हिएंतियान, हनोई अशा फेऱ्या करी. त्याचा मार्ग आणि वेळ सगळ्या पक्षांना आधी कळवलेली असे. गावात ही बातमी कोणीतरी रेडिओवर ऐकली आणि आईला सांगितली ती एवढीच: "व्हिएतनाममधलं आपल्या लोकांचं विमान हरवलंय." नावे नव्हती. दिवाळी तोंडावर होती. आईने भाजणी दळून आणली, पण चकल्या केल्या नाहीत. घंगाळात पाणी तापवून आम्हाला आंघोळी घातल्या आणि फराळाचे विचारायचे नाही असे डोळ्यांनीच बजावले. मधेच वडिलांचे एक पत्र आले. तिने तारीख पाहिली: विमान हरवण्याच्या आधीची. पत्र न वाचताच तिने ते देव्हाऱ्यामागे ठेवले. पुढचे पत्र आले, त्यावरची तारीख नंतरची होती, तेव्हा कुठे तिने दोन्ही मला वाचायला दिली. त्या दुसऱ्या पत्रात विमानाविषयी एकच ओळ होती: आपल्यातला एक जण, माझ्या खोलीत राहायचा तो, गेला बहुतेक.

"बहुतेक" हा शब्द वडिलांनी शेवटपर्यंत काढला नाही, कारण विमानाचा मागमूस लागला नाही. उत्तरेच्या विमानविरोधी तोफांनी अमेरिकी समजून ते पाडले, असे पुष्कळजण म्हणत. काही हवामानाला दोष देत. मार्चपासून उत्तरेवर अमेरिकेची सलग बॉम्बफेक चालू होती आणि तिथला तोफखाना आकाशात हलेल त्यावर डागायला बसला होता, हे त्या काळाचे वास्तव. मग जबाबदार कोण, डागणारा की डागण्याची वेळ आणणारा? विसाव्या वर्षी मला यात प्रश्नच दिसत नव्हता. 1972 च्या डिसेंबरात हनोईवर बॉम्ब पडत असताना मी पुण्यात मोर्चात होतो आणि घरी येऊन वडिलांना म्हणालो, तुम्ही तिथे असून गप्प कसे राहिलात? ते म्हणाले, "गप्प नव्हतो. लिहिलं, पाठवलं. वाचणारे गप्प होते." त्या विसाव्या वर्षाच्या मुलाशी मी अजून भांडतो. मोर्चाला गेला ते योग्यच, असे त्याला सांगतो. कोणत्याही घोषणेत त्या तेरा माणसांना जागा नव्हती, हेही सांगतो. तो म्हणतो की लाखो मरत असताना तेरा कसले मोजता? यावर माझ्याकडे चोख उत्तर नाही.

तरी तुम्ही माझे मत मागितले आहे, तर ते असे. उत्तरेकडून माणसे येत होती. पण दिएमने देश एक करण्यासाठी जिनिव्हात ठरलेली 1956 ची निवडणूक टाळली, त्याच वर्षी गावकऱ्यांनी निवडायच्या ग्रामसमित्या मोडून वरून माणसे बसवली आणि 1959 च्या कायद्याने फिरत्या लष्करी न्यायालयांना फाशीचा अधिकार दिला, त्यामुळे आलेल्यांना गावात भाकरी मिळत होती. अमेरिकेने हे बाहेरून आलेले संकट मानले आणि बाहेरूनच आणखी मोठे संकट आणले. ऑगस्ट 1964 मध्ये टोंकिनच्या आखातात आपल्या जहाजांवर न झालेल्या दुसऱ्या हल्ल्याच्या आधारावर आपल्या संसदेकडून लष्करी कारवाईची मोकळीक घेतली. सिनेटमध्ये विरोधात दोनच मते पडली. 1969 पर्यंत तिथे पाच लाख चाळीस हजारांहून अधिक अमेरिकी सैनिक होते. त्याने ते बंड विझले नाही, दक्षिणेतली ज्यांना दोन्ही बाजू नको होत्या अशी माणसे मात्र संपली. म्हणून मी ते जाणे चूक म्हणतो.

भाच्या, 1975 मध्ये कम्युनिस्टांनी दक्षिण जिंकल्यानंतरच्या, माणसे डांबून ठेवणाऱ्या छावण्या आणि होड्यांतून पळालेली माणसे मी विसरलेलो नाही. पण पुढे आलेली राजवट वाईट होती म्हणून आधी टाकलेला बॉम्ब बरोबर ठरत नाही. आणि मित्रांनो, तुमचा मुद्दाही पूर्ण खरा असता तर हनोईने फेब्रुवारी 1965 मध्ये आयोगाची पथके आपल्या हद्दीतल्या ठाण्यांवरून काढायला लावली नसती. सुरक्षेची हमी देता येत नाही हे कारण खोटे नव्हते, सोयीचे नक्कीच होते. राहिला भारत. अध्यक्ष असून आपण आणखी कडक बोलायला हवे होते का? 1966 च्या जुलैत इंदिरा गांधींनी बॉम्बफेक थांबवा म्हटले, तेव्हा आमच्या रेशन दुकानात अमेरिकन गहू होता आणि अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन तो हात आखडून सोडत होते. तरी त्या बोलल्या. मला ते पुरेसे वाटते. वडिलांना वाटत नव्हते.

तेव्हा पुन्हा विचारायचे असेल तर आधी 1962 चा अहवाल वाचा, आपल्या सोयीचा भाग सोडून उरलेला. मग या, भांडायला माझी ना नाही.