तक्रारी नोंदवहीतील आत्या

सप्टेंबर २०२३ मध्ये मराठा समाजातील कुणबी नोंदी तपासण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि त्यानंतर काही महिन्यांतच राज्यातील तहसील कार्यालयांचे अभिलेख कक्ष माणसांनी भरून गेले. कुणबी असल्याचा पुरावा द्यायचा तर १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा कागद लागतो, आणि कागद जितका जुना तितका तो मोडी लिपीत असण्याचा संभव अधिक. त्यामुळे एरवी इतिहासाच्या अभ्यासकांखेरीज ज्यांची कोणी फारशी आठवण काढत नसे, त्या आम्हा मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी दिवस पुरेनासा झाला. बहुतेक कामे सारखीच असतात. पणजोबांचे नाव, गाव, अंदाजे साल. मग कोतवाल बुक, जुने फेरफार म्हणजे जमिनीच्या हक्कांतील बदलांच्या नोंदी, शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर. नोंद सापडली की नकलेचा अर्ज आणि लिप्यंतर. या धावपळीत एका कुटुंबाच्या कामात जे हाती लागले ते मात्र जातीच्या दाखल्यापलीकडचे होते, आणि त्या घरच्या मंडळींच्या संमतीने, नावे व गावे वगळून, मी ते येथे लिहीत आहे.

अहिल्यानगर जिल्ह्याच्या उत्तर भागातील एक निवृत्त प्राथमिक शिक्षक नातीच्या प्रवेशासाठी माझ्याकडे आले होते. गुरुजींच्या आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर जात ‘मराठा’ अशी होती, म्हणून एक पिढी मागे जाणे भाग होते. पणजोबा १९१८ च्या साथीत वारले, आजोबा तेव्हा तीन वर्षांचे होते, आणि पणजीने एकटीने शेती करून मुलाला वाढवले, एवढा घराचा इतिहास त्यांना पाठ होता. पणजीला त्यांनी स्वतः पाहिलेले होते. ती १९७० मध्ये गेली तेव्हा ते बारा वर्षांचे होते. “ताई, आमच्या पणजीनं स्वतः औत धरलं होतं. बाईनं औत धरायचं नाही म्हणून गाव हसलं, पण रान पडीक पडू दिलं नाही,” असे त्यांनी तहसील कचेरीच्या वाटेवर मला सांगितले, आणि ते सांगताना त्यांचा आवाज जरा चढला होता.

कोतवाल बुक म्हणजे गावातील जन्ममृत्यूची नोंदवही. तारीख, नाव, जात, वय, मृत्यूचे कारण असे मोजके रकाने त्यात असतात आणि एरवी एका लहान गावाचे वर्षभराचे मृत्यू मोजक्या पानांत मावतात. १९१८ चा ऑक्टोबर मात्र कोणत्याही गावाच्या वहीत वेगळा ओळखू येतो. त्या वर्षी पाऊस दगावला होता, धान्य महागले होते आणि मुंबईत जूनमध्ये उतरलेला इन्फ्लुएन्झा, ज्याला आपल्याकडे मानमोडी म्हणत, दसऱ्याच्या सुमारास दुसऱ्यांदा आणि अतिशय जोराने खेड्यापाड्यांत शिरला. हिंदुस्थानात या साथीने सव्वा ते दोन कोटी माणसे मेली असावीत, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. विसाव्या शतकात १९११ ते १९२१ हे एकच दशक असे आहे की ज्यात देशाची लोकसंख्या घटली. हे सर्व वाचून ठाऊक असते. परंतु वहीचे पान उलटावे आणि कारणाच्या रकान्यात ‘ताप’, त्याखाली ‘ताप’, पुढच्या पानावर पुन्हा ‘ताप’ हेच दिसावे, वयाच्या रकान्यात पंचविशी-तिशीचीच माणसे असावीत, आणि पहिल्या पानावरचे वळणदार अक्षर महिनाअखेरीस घाईने वेडेवाकडे होत गेलेले असावे, तेव्हा त्या आकड्याचा अर्थ कळतो.

पणजोबा दुपारच्या आत सापडले. नाव, बापाचे नाव, जात कुणबी, वय तीस, कारण ताप. ज्या कामासाठी आलो होतो ते येथेच पूर्ण झाले होते आणि गुरुजींनी समाधानाने वही मिटायला हातही पुढे केला होता. मी मात्र पान संपेपर्यंत वाचते, कारण त्याच घरातील आणखी नोंद असेल तर पुराव्याला बळ येते. पाच-सहा ओळींखाली ती नोंद होती. एका स्त्रीचे नाव, पुढे ‘कोम’ आणि पुढे पणजोबांचे नाव; वय बावीस, कारण ताप, तारीख तीन दिवसांनंतरची. कोम म्हणजे बायको. ज्या बाईने औत धरून मुलगा वाढवला असे घर सांगत होते, ती गुरुजींची पणजी वहीप्रमाणे नवऱ्यामागोमाग तिसऱ्या दिवशी गेलेली होती.

अशा वेळी काय करावे याचा प्रत्येक मोडी वाचक आपापल्या मनाशी विचार करून ठेवतो. समोरच्या माणसाला अक्षर लागत नाही. मी जे वाचून दाखवीन तेवढेच त्याच्यापुरते त्या कागदात असते. पैसे जातीच्या नोंदीचे घेतले आहेत, ती नोंद दिली की विषय संपला, असे म्हणणारे सहकारी मला माहीत आहेत आणि त्यांचेही अगदीच चुकते असे नाही, कारण जुन्या कागदांमुळे भावाभावांत कोर्टकचेऱ्या उभ्या राहिलेल्या त्यांनी पाहिलेल्या असतात. माझे मत वेगळे आहे. कागद त्या घराचा आहे, आणि मला वाचता येते एवढ्यावरून त्यातले काय घरच्यांना सांगायचे हे मी ठरवू नये. मी ती ओळ बोट ठेवून, सावकाश, जशी होती तशी वाचली.

गुरुजी बराच वेळ काही बोलले नाहीत. मग, पणजोबांना दोन बायका असतील, असे ते म्हणाले, आणि ते शक्यही होते. एका ओळीवरून निष्कर्ष काढू नये म्हणून आम्ही १९१९ चे फेरफार मागवले. खातेदार मयत झाला की वारसाची नोंद धरावीच लागते, आणि तेथे नाते लिहिल्यावाचून चालत नाही. नोंद मिळाली. खातेदार साथीच्या तापाने मयत, वारस मुलगा अज्ञान, ‘पालनकर्ती आत्या’, आणि पुढे तेच नाव, जे गुरुजी पणजीचे म्हणून लहानपणापासून घेत आले होते. समासात ‘तक्रार’ असा शेरा होता.

तक्रार असलेल्या नोंदींची वही वेगळी असते. गाव नमुना सहा-अ मागायला सहसा कोणी येत नाही, त्यामुळे तो गठ्ठा शोधायला अभिलेखपालांना माळ्यावर चढावे लागले. वहीच्या कडा कसरीने खाल्ल्या होत्या, पण आमचे पान शाबूत होते. मृताच्या चुलत भावाने हरकत घेतली होती की ही बाई लग्न होऊन दुसऱ्या घरी गेलेली, तिचा नवरा हयात आहे, तिला भावाच्या जमिनीशी काय करायचे आहे. मूल व जमीन आपल्या ताब्यात द्यावी. त्याखाली तिचा जबाब चार ओळींत उतरवून घेतलेला होता. मूल आईबापावेगळे झाले तेव्हापासून आपण सांभाळत आहोत. आपली एक मुलगी नवऱ्याच्या घरी आहे. नवरा न्यायला आला होता, आपण गेलो नाही. मूल जाणते होईपर्यंत जाणार नाही. चुलत्याचे रान शेजारी आहे, बांध कोरण्याची त्याची सवय गावाला माहीत आहे. शेवटी नाव, त्याच्या अलीकडे ‘निशाणी’ आणि बोटाच्या पेराएवढे शाईचे एक वर्तुळ. लिहिता न येणारा कुणबी पूर्वी कागदावर नांगराची निशाणी करी आणि बाई बांगडीची. हे वर्तुळ एका दमात काढलेले नव्हते. दोन अर्ध्या रेघा एका बाजूला नीट जुळल्या होत्या आणि दुसऱ्या बाजूला एकीवर एक गेल्या होत्या. चौकशी करणाऱ्या कारकुनाने गावातील दोन माणसांना विचारून हरकत फेटाळली होती आणि पालनकर्ती म्हणून तिचे नाव कायम केले होते.

हे वाचून झाल्यावर गुरुजी जे बोलले त्याने मला कागदांहूनही जास्त चकित केले. “म्हणूनच ती कुंकू लावायची,” ते म्हणाले. पाच-सहा वर्षांचे असताना त्यांनी तिच्या कपाळावर कुंकू पाहिले होते आणि नंतर ते दिसेनासे झाले होते. पणजोबा १९१८ मध्ये गेले हे ठाऊक असूनही, विधवा बाईच्या कपाळावर १९६० नंतर कुंकू कसे, हा प्रश्न त्या घरात कोणत्याच मुलाने विचारला नव्हता, किंवा विचारला असेल तर कोणी मोठ्याने त्याला गप्प केले असेल.

गुरुजींच्या आई पंच्याऐंशीच्या आहेत. त्यांनी आमचे सर्व ऐकून घेतले आणि आपल्याला हे लग्नानंतर थोड्याच वर्षांत सासूने सांगितल्याचे शांतपणे कबूल केले. बाहेर बोलायचे नाही, अशी ताकीदही तेव्हाच मिळाली होती. घरातली बाई नवरा सोडून आली हे कळले तर पोरींच्या सोयरिकी जमणार नाहीत, एवढेच कारण. “खोटं कुणी बोललं न्हाई, बाई,” त्या मला म्हणाल्या. “पोरं तिला आई म्हणत व्हती, त्यांच्या पोरांनी आजी म्हटलं, हेच्या पिढीनं पणजी. आम्ही फकस्त गप्प राह्यलो.” नवरा गेल्याची बातमी १९६४ च्या सुमारास आठवडी बाजारात कोणा गाववाल्याने तिला सांगितली. घरी येऊन तिने डोक्यावरून पाणी घेतले, बांगड्या दगडावर फोडल्या, कुंकू पुसले आणि संध्याकाळी नेहमीसारख्या भाकरी थापल्या. कोणी काही विचारले नाही, तिनेही सांगितले नाही.

आता प्रश्न जबाबातल्या मुलीचा होता, आणि तिचा शोध घ्यावा असे गुरुजींनीच म्हटले. जातीच्या कामाशी याचा काही संबंध नव्हता. तहसीलच्या कागदांत लेकीबाळींचा माग फार लवकर तुटतो. वडिलांच्या खात्याला त्यांचे नाव त्या काळी लागत नसे आणि कोतवाल बुकात जन्माच्या नोंदीला पुष्कळदा नुसते ‘मुलगी’ एवढेच असते. अशा वेळी त्र्यंबकेश्वर आणि नाशिक येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांचा आधार असतो. गावे आणि आडनावे उपाध्यायांमध्ये वाटलेली आहेत. आपले गाव व कूळ सांगितले की त्या घराण्यातून पूर्वी जो जो विधीला आला त्याने सांगितलेली नावे, सह्यांसह, पिढ्यान्‌पिढ्यांची सापडतात, आणि त्यांत बायकामुलांचीही नावे असतात.

तिच्या नवऱ्याच्या घराण्याचे पान त्र्यंबकेश्वरी मिळाले. नवरा शके १८४२ मध्ये, म्हणजे १९२० च्या सुमारास, स्वतः येऊन गेला होता. त्याने दुसऱ्या बायकोचे नाव सांगितले होते, मुलीचे नाव सांगितले होते, आणि पहिल्या बायकोच्या नावामागे ‘कैलासवासी’ असे लिहवून घेतले होते. तहसील कचेरीत जी बाई त्याच सुमारास बांगडीची निशाणी करून हरकत परतवीत होती, ती या वहीत मरून गेलेली होती. १९३६ चा फेरफार नंतर आम्हाला मिळाला. मुलगा सज्ञान झाला, सबब पालनकर्तीचे नाव कमी केले, असे त्यात आहे, आणि तेव्हाही ती हयात होती. तीर्थाच्या वहीवर लोकांची श्रद्धा असते, माझीही आहे, पण वहीत सांगणाराची गरज उतरते हे मी या पानावर जितके स्पष्ट पाहिले तितके पूर्वी कधी पाहिले नव्हते. दुसरेपणाच्या मुलीकडच्यांना, पहिली बायको नांदायला येत नाही, असे सांगण्यापेक्षा मानमोडीत गेली असे सांगणे त्या माणसाला सोपे वाटले असावे. साथीनंतर दोनच वर्षांनी त्यावर कोणी शंका घेण्याचे कारणही नव्हते.

पुढच्या एका नोंदीत मुलीच्या सासरचे गाव होते. त्या गावाच्या पानावर अलीकडच्या काळात अस्थी घेऊन आलेल्या तिच्या मुलाची सही होती. ते गृहस्थ शेजारच्या तालुक्यात राहतात, वय ऐंशीच्या आसपास. गुरुजींनी फोन न करता पत्र लिहिले आणि सोबत जबाबाच्या नकलेचे लिप्यंतर जोडले. पंधरवड्याने ते स्वतः आले. आपली आजी साथीत गेली, असेच त्यांच्या आईला सांगितलेले होते. त्यांच्या आईला माहेरी सावत्र आई होती आणि आजोळ म्हणून कोणतेच घर नव्हते. दिवाळीला मुऱ्हाळी आला नाही की ती ओट्यावर बसून इतरांच्या बैलगाड्या जाताना पाहत असे, हे त्यांनी आमच्यासमोर सांगितले. तिचे आजोळ बैलगाडीने एका दिवसाच्या अंतरावर उभे होते आणि त्यात तिची आई भावाचा मुलगा वाढवीत होती. गुरुजींच्या आई हे ऐकून रडल्या. “आमच्या पोरासाठी तिची पोर उघडी पडली,” एवढेच त्या म्हणाल्या. पाहुण्यांनी मात्र एकही कठोर शब्द काढला नाही. आजीचे रान कोणते, असे त्यांनी विचारले, आणि दोघे म्हातारे उन्हातून ते पाहायला गेले.

नातीचे काम पुढे रीतसर झाले. जात पडताळणी समितीपुढे दिलेल्या वंशावळीच्या प्रतिज्ञापत्रात वडील, आजोबा, पणजोबा, खापरपणजोबा अशी सरळ पुरुषांची रेघ लागते. आत्या तिथे कोणत्याच चौकटीत बसत नाही आणि कायद्याने तिची गरजही नाही. गुरुजींनी माझ्याकडून दुसरी वंशावळ करून घेतली. तीत पणजोबांच्या शेजारी त्यांची बहीण आहे, तिच्याखाली तिची लेक आणि लेकीचे सर्व कुटुंब आहे, आणि १९१८ मध्ये बावीस वर्षांची गेलेली खरी पणजीही, जिचे नाव शंभर वर्षांत त्या घरात कोणी उच्चारले नव्हते, आपल्या जागी आहे. आत्याच्या नावापुढे काय लिहायचे यावर थोडी चर्चा झाली आणि फेरफारात आहे तेच, पालनकर्ती, लिहायचे ठरले. भाद्रपदात दोन्ही घरची माणसे त्र्यंबकेश्वरी गेली. उपाध्यायांनी शके १८४२ ची नोंद अर्थातच खोडली नाही. त्यांनी नव्या पानावर तिच्या मृत्यूचे खरे साल लिहून घेतले आणि खाली गुरुजी व तिचा नातू अशा दोघांच्या सह्या घेतल्या.