आधी खळं मोजा

कुडाळच्या बाजारात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं लहानसं दुकान आहे. दिवसभर प्रिंटरमध्ये अडकलेले कागद आणि विसरलेले पासवर्ड यांतच वेळ जातो. संध्याकाळी सहानंतर कॉलेजची पोरं येतात, आणि त्यांचा प्रश्न एकच असतो. "ताई, ग्राफिक कार्ड खंयचा घेव?" बजेट सांगतात, व्हिडिओत बघितलेल्या चार कार्डांची नावं घेतात आणि माझ्या तोंडाकडे बघत राहतात. मी विचारते, "मॉनिटर खंयचो असा?" मग थोडा वेळ शांतता. "मॉनिटर? असा एक. मोठो असा."

"मोठो" एवढ्यावर मला काही सांगता येत नाही. कार्ड घ्यायला मॉनिटर कशाला बघायचा, असं आता तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आमच्याकडे अंगणाला खळं म्हणतात. पाऊस सरला की खळं खणायचं, चोपण्याने चोपायचं आणि मग शेणाने सारवायचं. शेजारच्या काकूंचं खळं आमच्यापेक्षा दुप्पट लांब आणि दुप्पट रुंद होतं. लहानपणी मला वाटायचं, आम्हाला एक घमेलं शेण लागतं तर त्यांना दोन लागत असतील. लागायची चार. काकूंच्या कंबरेला हे गणित माझ्याआधी कळलं होतं.

मॉनिटरचं तेच आहे. फुल एचडी म्हणजे १९२०×१०८०, गुणाकार केला की २० लाख ७३ हजार ६०० ठिपके. दुकानात ज्याला टू-के म्हणून खपवतात तो २५६०×१४४०, म्हणजे ३६ लाख ८६ हजार ४००, पावणेदोन पटीपेक्षा थोडे जास्तच. आणि फोर-के म्हणजे ३८४०×२१६०, ८२ लाख ९४ हजार ४००. फुल एचडीच्या बरोबर चौपट. काकू खळं आठवड्यातून एकदा सारवायच्या, गेममध्ये ते सेकंदाला साठ वेळा नव्याने सारवावं लागतं. अशा दर वेळच्या नव्या चित्राला फ्रेम म्हणतात. हे सारवण्याचं काम ग्राफिक कार्डाचं. खळं केवढं ते ठाऊक नसताना माणसं किती लावायची हे कोण सांगणार?

अर्थात फोर-केवर गेलं की फ्रेम बरोबर चौथाईवर येतात असं नाही. दृश्याचा सांगाडा उभा करणं, सावल्यांचा हिशेब करणं अशी काही कामं पडद्याच्या ठिपक्यांवर फारशी अवलंबून नसतात. विहिरीवरून पाणी आणायला लागणारा वेळ खळं लहान असलं तरी तेवढाच. पण उतार जोरात असतो, एवढं धरून चालायचं.

आता माझ्या भाच्याची गोष्ट. डोंबिवलीला असतो, गणपतीला येतो. एका वर्षी बॅगेत कपडे कमी आणि आरटीएक्स ३०६० चा खोका घेऊन आला. बारा जीबीचं कार्ड, नोकरीचा पहिला बोनस त्यात घातलेला. ते बसवायचं होतं इथल्या घरच्या जुन्या पीसीत. त्यात चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह प्रोसेसर, आणि समोर १९ इंची मॉनिटर, १३६६×७६८ चा. म्हणजे जेमतेम साडेदहा लाख ठिपके, फुल एचडीच्या निम्मे. पहिली गंमत अशी की मॉनिटरला केबलचं फक्त जुनं व्हीजीए तोंड आणि नव्या कार्डाला ते तोंडच नाही. भर चतुर्थीच्या दिवशी मी दुकानाचं शटर उघडून कन्व्हर्टर आणून दिला. आरती संपल्या संपल्या स्वारी पीसीसमोर. जुन्या कार्डावर मोठ्या शहराच्या गेममध्ये पस्तीस-चाळीस फ्रेम मिळत होत्या, नव्यावर पंचेचाळीस-पन्नास. त्याने चित्राचं सेटिंग अल्ट्रावरून लो, म्हणजे सगळ्यात हलकं केलं, तरी तेवढ्याच.

"आत्या, कार्ड फॉल्टी आहे का गं?"

मी कार्डाचा वापर बघितला. पस्तीस टक्क्यांच्या आसपास. कार्ड उत्तम होतं, त्याला काम नव्हतं. रस्त्यावरची माणसं, गाड्या, कोण कुठे वळलं, कशाला काय धडकलं, हे सगळं प्रोसेसर ठरवतो आणि प्रत्येक फ्रेमची यादी कार्डाच्या हातात देतो. पडद्यावर ठिपके किती यानं ती यादी लिहायच्या वेळात फारसा फरक पडत नाही. आमचा म्हातारा आय-फाइव्ह सेकंदाला पन्नास याद्यांच्या वर देऊ शकत नव्हता. उरलेल्या वेळात कार्ड हात बांधून बसत होतं.

दुसऱ्या दिवशी दुकानातला फुल एचडी मॉनिटर उचलून घरी आणला आणि जोडला. ठिपके दुप्पट झाले, फ्रेम मात्र पूर्वीइतक्याच, पंचेचाळीस-पन्नास. चित्र किती सुधारलं ते दादाला, म्हणजे त्याच्या बाबांनाही चष्म्याशिवाय दिसलं. भाच्याला हे काही केल्या पटेना. काम वाढवलं तर वेग कमी व्हायला हवा ना! पण जो रिकामा बसलाय त्यालाच काम दिलं, तर कमी कसा होईल?

यातून एक परीक्षा तुम्हाला घरीच करता येते, त्यासाठी माझ्याकडे यायची गरज नाही. गेममध्ये व्ही-सिंक, म्हणजे फ्रेम मॉनिटरच्या वेगाला बांधणारं सेटिंग, आणि फ्रेमची मर्यादा बंद करा. मग रिझोल्यूशन, म्हणजे ठिपक्यांचा आकडा, एकदम खाली आणा, १२८०×७२० वगैरे. फ्रेम भरभर वाढल्या तर अडचण कार्डात आहे. जागच्या हलल्या नाहीत तर प्रोसेसर, किंवा फार तर रॅम, पुरी पडत नाही. अशा वेळी नवं कार्ड घेणं म्हणजे भाच्याचा बोनस.

उलट चूकही मी बघितलीय, आणि ती मीच केलीय, त्यामुळे पोरांना हसायचा मला अधिकार नाही. २७ इंची, २५६०×१४४० चा मॉनिटर घेतला. लग्नाच्या अल्बमची कामं करायची होती, असं मी घरी सांगितलं. पीसीत होतं जीटीएक्स १६५०, चार जीबीचं. पत्ते खेळायला छान. मोठा गेम लावला की वीस-बावीस फ्रेम. मग गेमचं रिझोल्यूशन १९२०×१०८० केलं. वेग आला, पण चित्र खाऱ्या वाऱ्याने धुरकटलेल्या काचेतून बघावं तसं. कारण एलसीडीचे ठिपके ठरलेले असतात. १०८० च्या एका ठिपक्याला १४४० वर उभे आणि आडवे प्रत्येकी एक पूर्णांक एक तृतीयांश ठिपके वाट्याला येतात. तो एक तृतीयांश आणायचा कुठून? मग आजूबाजूचे रंग एकमेकांत मिसळले जातात आणि अक्षरांच्या कडा पुसट होतात.

शेवटी एफएसआरने निभावलं, म्हणजे लहान चित्र काढून ते पडद्याएवढं मोठं करणाऱ्या तंत्राने. २०२१ साली ते आलं आणि माझ्यासारख्या जुन्या कार्डवाल्यांचा जीव भांड्यात पडला, कारण तेच काम करणाऱ्या डीएलएसएसला आरटीएक्सच कार्ड लागतं. एफएसआरच्या दुसऱ्या आवृत्तीत क्वालिटी ठेवलं, तर १४४० च्या पडद्यासाठी कार्ड आतून साधारण १७०७×९६० चं चित्र काढतं आणि मागच्या फ्रेममधली माहिती वापरून ते मोठं करतं. अक्षरं, नकाशा वगैरे पूर्ण रिझोल्यूशनवरच येतात. फुल एचडीवर मात्र हा प्रकार मला आवडत नाही. तिथे क्वालिटी म्हणजे आतून ७२० च. मुळात ठिपके थोडे, त्यातले अजून काढून घेतल्यावर दुरून जाणाऱ्या तारा आणि झाडांची पानं लुकलुकायला लागतात. फोर-केवर याच्या उलट. परफॉर्मन्सवर ठेवलं तरी आतून १०८० असतं, आणि चित्र खपून जातं.

देवगडच्या एका बागायतदारांचा मुलगा १६५० वरच ४३ इंची फोर-के टीव्ही जोडून बसला होता. त्याला टीव्ही बदलायला नाही सांगितलं. १०८० वर ठेव म्हटलं, टीव्हीचा गेम मोड चालू कर आणि झोपाळ्यावर बसून खेळ. फोर-केत १०८० चा एक ठिपका दोन बाय दोनमध्ये बरोबर बसतो, आणि आठ फुटांवरून कोण ठिपके मोजतंय!

मॉनिटरचे हर्ट्झ, म्हणजे तो सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो, ही दुसरी बाजू. खळं केवढं यासोबत ते किती वेळा सारवायचं हेही आलं. १४४० चा मॉनिटर १४४ हर्ट्झने पूर्ण चालवायचा म्हणजे सेकंदाला ५३ कोटींच्या वर ठिपके. फोर-के ६० हर्ट्झला पन्नास कोटींपेक्षा थोडे कमी. म्हणजे "फोर-के नको रे बाबा, झेपणार नाही" म्हणून १४४० चा १४४ हर्ट्झवाला घेणारा कार्डावर जास्तच ओझं टाकतो. फरक एवढाच की हर्ट्झ गाठता नाही आले तर नव्वदवर समाधान मानता येतं. शिवाय आता बऱ्याच मॉनिटरना फ्रीसिंक असतं, फ्रेम कमीजास्त झाल्या तरी चित्र फाटत नाही. गोळीबाराचे स्पर्धेचे गेम खेळणाऱ्यांनी फुल एचडी आणि जास्त हर्ट्झ घ्यावं, आणि पैसा प्रोसेसरवर थोडा जास्त टाकावा.

कार्डाच्या मेमरीबद्दल लोक फार घोळ घालतात. मेमरी जास्त म्हणजे कार्ड वेगवान, असं नाही. पण ती कमी पडली की उरलेला माल पीसीच्या रॅममध्ये जातो, स्लॉटमधून ये-जा करतो, आणि सरासरी फ्रेम ठीक दिसत असूनही कोपऱ्यावर वळताना गेम अडखळतो. सगळ्यात जास्त मेमरी टेक्स्चर, म्हणजे भिंती-जमिनीवर चढवलेली चित्रं, खातात. आधी ते सेटिंग एक पायरी खाली आणा.

माझं मत विचाराल तर २४ इंची फुल एचडीला आरएक्स ६६०० किंवा आरटीएक्स ४०६० च्या तोडीचं आठ जीबीचं कार्ड पुष्कळ झालं. १४४० ला बारा जीबीच्या खाली येऊ नका, ४०७० च्या आसपास बघा. फोर-केला सोळा जीबी. पण इथे मला आमच्या कोकणाबद्दल बोलावंच लागतं, कारण हे व्हिडिओ करणारे कोणी जूनमध्ये मालवणात राहिलेले नसतात. ४०६० ला ११५ वॉट लागतात, ४०७० ला २००, ४०८० ला ३२० आणि ४०९० ला ४५०. एकट्या कार्डाला. घरोघरी असतो तो ६०० व्हीएचा यूपीएस जेमतेम ३६० वॉट देतो. पावसात लाइट डोळे मिचकावते तेव्हा काय होईल ते बघा. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ येऊन गेलं, त्यानंतर माझ्याकडे दुरुस्तीला आलेल्या एसएमपीएसचा, म्हणजे पीसीला वीज देणाऱ्या डब्यांचा, ढीग टेबलाएवढा झाला होता.

उष्णता आणि खारी हवा तर आहेच. समुद्राजवळच्या घरातलं कार्ड दोन वर्षांनी उघडलं की पंख्यात चिकट ओली धूळ, स्क्रूंना गंज. जितके वॉट जास्त तितके पंखे जोरात फिरणार, तितकी ती हवा आत खेचली जाणार. म्हणून ६० हर्ट्झचा मॉनिटर असेल तर कार्डाच्या ड्रायव्हर सॉफ्टवेअरमध्ये फ्रेम साठवर बांधून टाका. दिसणार साठच, मग कार्डाने दीडशे काढून खोली कशाला तापवायची?

आणि हो, केबल कार्डाच्या मागे लावा. मदरबोर्डच्या एचडीएमआयला लावून "कार्ड चालत नाही" म्हणणारे महिन्याला एक-दोन तरी येतात. १४४ हर्ट्झचा मॉनिटर विंडोजमध्ये ६० वरच राहिलेला असतो, तेही बघून घ्या.

एवढं करूनही ठरत नसेल तर दुकानात या. येताना मॉनिटरच्या मागच्या स्टिकरचा फोटो, प्रोसेसरचं नाव आणि एसएमपीएसवर लिहिलेले वॉट घेऊन या, कार्डांची नावं घरी ठेवा. आणि दीड ते चारच्या मध्ये येऊ नका, तेव्हा मी जेवून आडवी झालेली असते.